वॉशिंग सेंटर, ४३ सह्या आणि चुकलेलं टेबल

वाचकांचं पत्र:

सप्रेम नमस्कार. आम्ही उंटवाडीच्या बाजूला एका जुन्या कॉलनीत राहतो. बरेचसे बंगले, तीन अपार्टमेंट. मी गणिताची शिक्षिका होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. कॉलनीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून गाड्या धुण्याचं सेंटर आहे, दोन रॅम्पचं. चालवणारा मुलगा माझा विद्यार्थी. आजही दिसला की "बाई" म्हणून वाकतो. आता त्याने मागचा बंगल्याचा प्लॉट घेतलाय. तिथे आणखी तीन रॅम्प, सर्व्हिसिंग आणि डेंटिंग-पेंटिंग सुरू होणार म्हणतात. मागच्या प्लॉटचं दार आमच्या आतल्या रस्त्यावर उघडतं. आत्ताच रविवारी गाड्यांची रांग लागते, सकाळी सातपासून बोअरच्या पाण्यावर पंप सुरू होतो, फेसाचं पाणी कडेच्या गटारीत जातं. (तसे आमच्यातलेही निम्मे बंगले रोज सकाळी पाइप लावून महापालिकेच्या पाण्याने गाड्या धुतात.) पेपरात "जाहीर नोटीस, १४ दिवसांत हरकती कळवाव्यात" असं आलं, म्हणून आम्ही ४३ सह्यांचं पत्र नोटिशीतल्या पत्त्यावर दिलं. "सेंटर त्वरित बंद करावे" अशी मागणी केली. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. काही जण म्हणतात मोर्चा नेऊ. आमचे मिस्टर म्हणतात, पोराच्या पोटावर पाय कशाला देतेस? मला दोन्ही पटतं आणि झोप लागत नाही. नोटिशीचं कात्रण आणि आमच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

बाई, नमस्कार.

कात्रण जोडलंत ते फार बरं केलंत, कारण घोळ तिथेच झालाय. ही नोटीस महापालिकेची नाही, वकिलांची आहे. मागचा प्लॉट विकत घेताना त्यावर कुणाचा वारसाहक्क, बोजा, गहाण, साठेखत (विक्रीचा करार) असेल तर १४ दिवसांत पुराव्यासह कळवा, एवढंच ती विचारते. म्हणजे तुमच्या ४३ सह्या ज्या टेबलावर जाऊन पडल्यात, तिथे पंपाचा आवाज, फेसाचं पाणी आणि झोन यांतलं काहीच चालत नाही. वकीलसाहेबांनी पत्र वाचलं असेल, "यांचा प्लॉटवर हक्काचा दावा नाही" असं मनाशी म्हटलं असेल आणि फायलीत लावलं असेल. उत्तर येणार कुठून?

वाईट वाटून घेऊ नका. मी एका महापालिकेच्या नगररचना विभागात नोकरी केली आहे (ती नाशिकची नव्हती), आणि याच्या उलटा प्रकार जास्त पाहिलाय. आमची खरीखुरी हरकतींची सूचना त्याच बारीक टायपात, "मी माझे नाव बदलले आहे"च्या शेजारी छापून यायची आणि ती कुणी वाचायचंच नाही. महिना उलटून गेल्यावर लोक तणतणत यायचे. तुम्ही चुकीची का होईना, नोटीस वाचलीत.

आता मूळ प्रश्न. तुमच्या विद्यार्थ्याने महापालिकेकडे नक्की काय मागितलंय? की अजून काहीच मागितलेलं नाही? तुमच्या पत्रात याचं उत्तर नाही आणि माझ्या मते कॉलनीत कुणालाच ते माहीत नाही. मोर्च्याचं बघू नंतर, आधी हे शोधा. कारण यात दोन वेगळ्या वाटा आहेत आणि दोन्हींवर तुमचं स्थान वेगळं आहे.

पहिली वाट झोन बदलण्याची. विकास आराखड्यात तो प्लॉट रहिवासी दाखवलाय आणि त्याला तो वाणिज्य करून हवाय, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव लागतो. त्यात महापालिकेला राजपत्रात सूचना काढून हरकती मागवाव्याच लागतात, त्यासाठी एक महिन्याची मुदत असते, सुनावणी होते आणि प्रस्ताव मंजुरीला शासनाकडे जातो. इथे तुम्हाला कायद्याने बोलावलेलं असतं. पण एका वॉशिंग सेंटरसाठी एवढा लांबचा पल्ला सहसा कुणी गाठत नाही.

दुसरी वाट साधी परवानगीची, आणि माझा अंदाज तोच आहे. रहिवासी विभागातही काही व्यवसाय चालतात. २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत रहिवासी विभागाचे आर-१ आणि आर-२ असे भाग आहेत. कोणता प्लॉट कशात बसतो ते त्याच्या समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ठरतं. मोठ्या रस्त्यावर जे चालतं ते गल्लीत चालत नाही. आता तुमच्या विद्यार्थ्याचा कोपऱ्याचा प्लॉट मोठ्या रस्त्यावर आहे आणि मागचा तुमच्या आतल्या रस्त्यावर. दोन्ही प्लॉट एकत्र करून "आमचा रस्ता मोठाच" असं तो म्हणू शकतो. एकत्रीकरणाचा नकाशा दाखल झालाय का, हे म्हणूनच महत्त्वाचं. जमिनीचा वापर बदलणं हाही कायद्याच्या भाषेत "विकास"च आहे, त्यामुळे एक वीट न लावता बंगल्याच्या अंगणात रॅम्प टाकला तरी परवानगी लागते. "बांधकाम कुठे केलंय?" हा बचाव चालत नाही.

या दुसऱ्या वाटेतली खोच अशी की शेजाऱ्यांना बोलावण्याची सक्ती कायद्यात नाही. अर्ज येतो, छाननी होते, परवानगी निघते, आणि शेजाऱ्याला कळतं ते जेसीबी आल्यावर. अर्ज पूर्ण असेल आणि ६० दिवसांत निर्णय कळवला गेला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानायची तरतूदही आहे. परवानगी नाकारली किंवा अटी जाचक वाटल्या, तर कलम ४७ खाली अपील करायचा अधिकार अर्जदाराला आहे. शेजाऱ्याला नाही. परवानगी निघाल्यावर तुमच्या हातात उरतं ते परवानगी रद्द करा म्हणून महापालिकेकडे विनवणं किंवा हायकोर्ट. म्हणून निर्णयाआधी फायलीत गेलेलं दोन पानी पत्र हे नंतरच्या दोन वर्षांच्या हेलपाट्यांपेक्षा जड असतं. फायलीवर आवक शिक्क्याचा कागद असला की साहेबाला त्यावर काहीतरी लिहावंच लागतं. न लिहिता सही केली तर उद्या त्यालाच उत्तर द्यावं लागतं. मी त्या खुर्चीच्या शेजारी बसलोय, म्हणून सांगतो.

तर सोमवारी दुपारी शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात जा. सोमवारच का, तर दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फायली पाहू द्याव्यात असं शासनाने २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर शांतपणे ते परिपत्रक आठवून द्या. नगररचना विभागात दोन्ही प्लॉटचा सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर सांगून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. तो नाममात्र शुल्क भरून कुणालाही मिळतो. कॉलनीचा मंजूर ले-आउट मिळाला तर तोही बघा. रविवारची रांग जिथे उभी राहते ती जागा ले-आउटमधली ओपन स्पेस निघाली, तर तुमचं काम एकदम सोपं झालं. ती जागा कॉलनीच्या मोकळ्या वापरासाठी सोडलेली असते, कुणाचं पार्किंग म्हणून नव्हे.

फाईल दाखवत नसतील तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. "अमुक प्लॉटवर वापर बदल, एकत्रीकरण अथवा बांधकाम परवानगीचा अर्ज दाखल आहे का, असल्यास अर्ज, नकाशा व छाननी टिपणीची प्रत मिळावी." बस. "का दिली", "कशी दिली" असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत आणि तेवढ्या आधारावर अर्ज परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, त्यामुळे माहिती येईपर्यंत थांबू नका, हरकतीचं पत्र आधी द्या.

पत्रात काय लिहायचं? इथे मी तुमच्या कॉलनीशी थोडा भांडणार आहे.

"सेंटर त्वरित बंद करावे" हे वाक्य काढून टाका. ते वाचून अधिकाऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात, बंद किंवा चालू. चालू ठेवणं त्याला सोपं असतं, कारण समोर कर भरणारा, दहा-बारा पोरांना काम देणारा माणूस उभा असतो आणि इकडे नुसती नाराजी. तुमच्या ४३ सह्यांच्या पत्रात कामगार मुलं "बाहेरची" आहेत आणि "कॉलनीचं वातावरण बिघडतं" असा एक परिच्छेद आहे, तो तर अजिबात नको. कायद्यात त्याला काही वजन नाही, आणि बाई, खरं सांगायचं तर तो परिच्छेद तुम्ही लिहिलेला नाही हे भाषेवरूनच कळतं.

त्याऐवजी मोजा. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला हे मी काय सांगावं. एका रविवारी आणि एका बुधवारी गॅलरीत वही घेऊन बसा. किती चारचाकी, किती दुचाकी, रांग किती लांब, आतल्या रस्त्यावर किती वेळ गाड्या उभ्या. प्रेशर पंपाच्या पाटीवर मिनिटाला किती लिटर ते लिहिलेलं असतं. समजा १२ लिटर निघाले आणि एका गाडीला दहा मिनिटं पाणी चालू राहिलं, तर गाडीमागे १२० लिटर. पन्नास गाड्यांचे ६,००० लिटर. हे दोन रॅम्पचं झालं. पाच रॅम्प झाले आणि गाड्या त्याच प्रमाणात वाढल्या तर १५,०००. आता यातला बारकावा बघा. पाणी बोअरचं आहे असं तुम्ही लिहिलंय. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला १० घनमीटरपेक्षा, म्हणजे १०,००० लिटरपेक्षा कमी उपसा करणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना ना-हरकत दाखल्यातून सूट आहे. आत्ता तो या सवलतीत बसत असेल. विस्तारानंतर बसेल का? "पाण्याची नासाडी होते" या तीन शब्दांपेक्षा हा एक प्रश्न साहेबांना जास्त विचार करायला लावेल. माझे आकडे मात्र उचलू नका, ते उदाहरणाचे आहेत. तुमचे मोजलेले लिहा.

दुसरी गोष्ट, धुणं वेगळं आणि रंगवणं वेगळं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत वाहनांचं सर्व्हिसिंग, दुरुस्ती आणि रंगकाम हे नारिंगी, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या गटात धरलेलं आहे. म्हणजे डेंटिंग-पेंटिंग सुरू करायचं तर मंडळाची उभारणीची संमती आधी आणि चालवण्याची संमती नंतर, हे ओघाने आलंच. सर्व्हिसिंगमध्ये निघणारं जळकं ऑइल हा घातक कचरा आहे, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं. कॅनमध्ये भरून कुणालाही विकून चालत नाही. मंडळाचं कार्यालय सातपूरला, त्र्यंबक रोडच्या उद्योग भवनात आहे. तुमच्या पत्राची एक प्रत तिथेही द्या. झोनच्या भानगडीत तुमचा खरा जोर इथे आहे असं मला वाटतं. दोन रॅम्पचे पाच होणं ही वाढ झाली, पण रहिवासी गल्लीत पेंट बूथ येणं हा वेगळाच धंदा आहे. पत्रात या दोन गोष्टी वेगळ्या लिहा.

आणि ते फेसाचं पाणी. कडेच्या गटारीत जातं म्हणता, पण कोणत्या? भुयारी गटारीच्या चेंबरमध्ये गेलं तर ते निदान मलजल शुद्धीकरण केंद्राकडे निघतं. पावसाळी गटारीत गेलं तर शुद्धीकरण वगैरे काही नाही, थेट नासर्डी नदीत, आणि नासर्डी टाकळीला गंगेला, म्हणजे गोदावरीला मिळते. हल्ली नंदिनी म्हणतात तिला, पण नाव बदलल्याने पाणी बदललं नाही. तेल-ग्रीसची मर्यादा सार्वजनिक गटारीत सोडताना लिटरला २० मिलिग्रॅम आणि नदी-नाल्यात सोडताना १० मिलिग्रॅम आहे. दोन्ही ठिकाणी गाळ बसवणारी टाकी आणि तेल अडवणारा ऑइल-ग्रीस ट्रॅप नसेल तर ती पाळणं कठीण. गोदावरीच्या प्रदूषणाबद्दल २०१२ मध्ये मुंबई हायकोर्टात जनहित याचिका गेली, कोर्टाने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडून उपाय मागवले, आणि आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. अशा वेळी नासर्डीत जाणाऱ्या ऑइलच्या पाण्याकडे काणाडोळा करणं महापालिकेला परवडणारं नाही. तुम्ही गटारीचं झाकण उघडायला जाऊ नका. विभागीय कार्यालयातल्या ड्रेनेजच्या कनिष्ठ अभियंत्याला लेखी विचारा की हे कनेक्शन कुठल्या लाइनला आहे. पाण्यात रंग सोडून तो कुठे निघतो ते पाहिलं की दहा मिनिटांत कळतं.

आवाजाचं तुमचं म्हणणं मात्र थोडं कच्चं आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि रात्री १० ला संपतो. त्यामुळे सातला पंप सुरू होणं "पहाटे त्रास" या सदरात बसत नाही. दिवसाची रहिवासी मर्यादा ५५ डेसिबल आहे. ती १० डेसिबल किंवा त्याहून जास्त ओलांडली तर तक्रार करता येते. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून चालणार नाही, पण तक्रार करायची का नाही हे ठरवायला पुरेसा आहे. आवाजाचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. फक्त पत्राची सुरुवात त्याने करू नका.

मागणी काय करायची? मी तुमच्या जागी असतो तर या मागितल्या असत्या: मागच्या प्लॉटला आतल्या रस्त्यावर दार नको, तिथे सलग भिंत हवी आणि सगळी ये-जा मोठ्या रस्त्यावरून, पेंटिंगला परवानगी नको, ट्रॅप आणि पाणी पुन्हा वापरायची टाकी आधी, रॅम्प नंतर, कंप्रेसर बंदिस्त खोलीत, तोही घरांच्या बाजूला नाही, वाट पाहणाऱ्या गाड्यांना प्लॉटच्या आतच जागा. यातली पहिली अट मिळाली तर माझ्या मते तुमचा निम्मा प्रश्न सुटला. दार नाही म्हटल्यावर रांग नाही, हॉर्न नाही, आणि मागचा प्लॉट गल्लीच्या भरवशावर चालणार नाही. परवानगीत अट लिहिली गेली आणि ती मोडली, तर कारवाई करायला महापालिकेला कारण मिळतं. आज तुमच्याकडे ते नाही.

एक कडू गोष्टही ऐकून ठेवा. चौकशी सुरू झाली की मूळच्या दोन रॅम्पची परवानगी आहे का, हेही निघेल. नसेल तर तो अडचणीत येईल आणि तुमच्या मनाला ते लागेल. पण ते तुम्ही केलेलं नसेल. आणि उद्या कॉलनीवरही बोट येऊ शकतं. तुम्हीच लिहिलंय की रोज सकाळी निम्मे बंगले पाइप लावून महापालिकेच्या पिण्याच्या पाण्याने गाड्या धुतात. सुनावणी झालीच तर तो मुलगा हा मुद्दा काढणार. मी असतो तर पहिल्या मिनिटाला काढला असता. तेव्हा ४३ जणांनी निदान पत्र जाईपर्यंत तरी बादली वापरावी.

मिस्टरांच्या बोलण्याबद्दल. पोटावर पाय देणं आणि दार कुठल्या बाजूला असावं हे सांगणं यात फरक आहे. पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट बरोबर आहे. तुमच्या विद्यार्थ्याला हे सगळं महापालिकेच्या पत्रातून कळता कामा नये. पत्र देण्याच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे जा. एकट्या जा, शिष्टमंडळ नको. "अरे, मी उद्या हरकत देणार आहे, त्यात हे हे लिहिलंय" असं सांगून प्रत त्याच्या हातात ठेवा. तो चिडेल, किंवा "बाई, तुम्हीसुद्धा?" म्हणेल. त्याला बोलू द्या. प्लॉटसाठी त्याने कर्ज काढलं असणार, आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला शेजाऱ्यांचं लवकर कळलेलं बरं असतं. रॅम्पचं काँक्रीट पडायच्या आधी दार फिरवणं एका दुपारचं काम आहे, पडल्यावर लाखांचं. कदाचित तो आपणहून भिंत घालतो म्हणेल. म्हणाला तर आनंदच आहे, पण ते कागदावर घ्या आणि हरकतीला जोडा. तोंडी कबुलीवर माघार घेऊ नका. माणूस बदलत नाही, पण उद्या तो सेंटर दुसऱ्याला चालवायला देऊ शकतो, आणि त्या दुसऱ्याला तुम्ही गणित शिकवलेलं नसेल.

मोर्च्याचं म्हणाल तर आत्ता नको. पत्र देऊन महिनाभरात हालचाल दिसली नाही तर महापालिकेचा लोकशाही दिन असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. त्यासाठी अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. नगरसेवकांना प्रत द्या, पण पत्र त्यांच्या लेटरहेडवर घेऊ नका. मग तो कॉलनीचा प्रश्न न राहता पक्षाचा होतो.

नव्या पत्रावर सह्या घेताना प्रत्येकाचा घर नंबर आणि आतल्या रस्त्यापासूनचं अंतर लिहून घ्या. ४३ नकोत, दाराच्या समोरची नऊ-दहा घरं पुरेत. आवक शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. आणि जमलं तर त्या वकिलांकडचं जुनं पत्र परत मागून घ्या. "बाहेरची" मुलं म्हणणाऱ्या त्या परिच्छेदाखाली तुमचीही सही आहे, आणि वकील तुमच्या विद्यार्थ्याचेच आहेत.